गोव्याचा चांदीचा रुपिया कसा ओळखावा

सावंतवाडी-बांद्याकडच्या जुन्या घरांतून, वेंगुर्ल्यातून, बेळगावातून, कधी मुंबईतल्या एखाद्या गोवेकर बिऱ्हाडातूनही चांदीच्या नाण्यांची पुरचुंडी निघते. सोडून बघितलं तर बहुतेक चेहरे ओळखीचे असतात. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज. आणि त्यांच्यातच एखादा राजा असा निघतो की तो कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. आकार तोच, जाडी तीच, हातात घेतल्यावर वजनही तेच लागतं. म्हणून तो इंग्रजांच्याच नाण्यांत मोजला जातो आणि मोडीत जाताना त्यांच्याबरोबरच वितळतो.

माझ्या आत्याने दिलेल्या पुरचुंडीत असा एक रुपया होता. त्याच्या डोक्यावर चांदीची बारीक कडी होती, म्हणजे तो कधीतरी कुणाच्या तरी गळ्यात होता. मागच्या बाजूला मुकुट घातलेली ढाल आणि तिच्या भोवती रोमन अक्षरांत ‘इंडिया पोर्तुगेझा’ आणि ‘उमा रुपिया’. पोर्तुगीज हिंदुस्थान, एक रुपिया. साल १८८१. त्या एका नाण्यामुळे मी या विषयात शिरलो, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे: गोव्याच्या रुपियाची गोष्ट त्याच्या वजनात आहे. राजाचा चेहरा नंतर बघितला तरी चालतो. वजन आणि चांदीचा कस एकदा समजला की कोणतं नाणं कधीचं, का पाडलं गेलं, आणि समोरचा विकणारा खरं बोलतोय का, हे बरंचसं आपोआप कळत जातं.

आधी वजनाबद्दल. आपल्याकडे ‘रुपयाभार’ हे एक माप होतं. स्वयंपाकात, औषधात, सोनाराकडे. रुपयाभार म्हणजे एक तोळा, कारण इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया नेमका एक तोळा वजनाचा असे. १८० ग्रेन, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. (हल्ली सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो वेगळा.) त्या रुपयाचे बारा भाग केले तर अकरा भाग शुद्ध चांदी आणि एक भाग इतर धातू, मुख्यतः तांबं. निव्वळ चांदीचं नाणं फार मऊ पडतं, हातोहात झिजतं, म्हणून ही भेसळ मुद्दाम असते. या प्रमाणाला नाण्यांच्या यादीत ‘०.९१७’ असं लिहितात. म्हणजे हजार भागांत ९१७ भाग चांदी. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात शुद्ध चांदी भरते सुमारे १०.७ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे बाजारात तो उपयोगी पडतो.

आत्याच्या नाण्याचंही वजन ११.६६ च्या आसपासच आहे, झीज धरून थोडं कमी. पोर्तुगीजांचं नाणं इंग्रजांच्या तोळ्याला का जुळावं, हा खरा प्रश्न.

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये आणि अफोंसो द आल्बुकेर्कने त्याच वर्षी तिथे नाणी पाडायला घेतली. त्याच्या चांदीच्या नाण्याचं नाव ‘एस्फेरा’, कारण त्यावर राजा मानुएलचं चिन्ह होतं, आकाशगोलाचं. पुढे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसई, चौल, दमण, दीव इथल्या टांकसाळींतूनही नाणी निघाली. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली तेव्हा तिथलं ते पर्वही संपलं. ढालीच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘ए’ ही रोमन अक्षरं दिसली तर नाणं गोव्याचं, ‘डी’ आणि ‘ओ’ दिसली तर दीवचं. जुन्या नाण्यांत ही खूण फार कामाची आहे.

त्या काळच्या नाण्यांची नावं एकेक करून पाहण्यासारखी आहेत. ‘शेराफीं’ हे अशरफीचं पोर्तुगीज रूप. ‘पार्दांव’च्या मुळाशी प्रताप हा शब्द आहे. ‘तांगा’ म्हणजे टंक, ज्यावरून आपली टांकसाळ आली. आणि ‘रुपिया’ तर रुपयाच. इतक्या लांबून समुद्र ओलांडून आलेल्या सत्तेला पैशासाठी शब्द मात्र इथलेच घ्यावे लागले. बाजार ज्याचा, शब्द त्याचा. अठराव्या शतकात मुघली आणि सुरती रुपया सगळीकडे चालत होता, त्यामुळे गोव्याच्या टांकसाळीलाही स्वतःचा रुपिया पाडावा लागला. हिशेब असा होता: ६० रेइसचा एक तांगा, ३०० रेइसचा एक शेराफीं, दोन शेराफींचा एक रुपिया. म्हणजे एका रुपियाचे दहा तांगे.

गोव्यातच पाडलेले हे रुपिये हातात घेऊन बघितले की ओळखायला वेळ लागत नाही. वजन अकरा ग्रॅमच्या आसपास, पण नेमकं नाही. छाप कधी एका बाजूला सरकलेला, अक्षरं कमीजास्त दाबलेली, आणि चेहरा इथल्या कारागिराने कोरलेला. राणी मारिया दुसरी हिचे १८४० च्या दशकातले रुपिये पाहा. लिस्बनच्या नाण्यांवर ती युरोपातल्या चित्रकाराने काढल्यासारखी दिसते, गोव्याच्या नाण्यांवर तीच राणी वेगळ्याच नाकाडोळ्यांची होते. काही जण याला कच्चं काम म्हणतात. मला ते तसं वाटत नाही. ज्याने ती राणी कधी पाहिली नाही, तिचं चित्र फार तर एखाद्या नाण्यावर पाहिलं, त्याने पोलादाच्या साच्यात उलटा चेहरा कोरला. त्या नाण्यात कारागिराचा हात दिसतो, आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं. पणजीत मुख्य पोस्ट ऑफिसजवळ ‘काझा द मोएदा’ नावाची जुनी वास्तू आजही उभी आहे. नावाचा अर्थ सरळ आहे, नाण्यांचं घर. कधीकाळी टांकसाळ तिथे होती. १८६९ मध्ये गोव्यातली टांकसाळ कायमची बंद झाली आणि इथल्या हाताने कोरलेले चेहरे तिथेच संपले.

आता १८८१.

१८७८ च्या डिसेंबरात ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बनला एक तह झाला. तो अमलात आला १८८० मध्ये. त्यात बऱ्याच गोष्टी होत्या: मुरगाव बंदर आणि तिथून घाट चढून जाणारा लोहमार्ग, दोन्ही हद्दींमधली जकात उठवणं, आणि गोव्याच्या मिठावर इंग्रजांचं नियंत्रण. त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे. मिठागरांवर जगणाऱ्या गोव्यातल्या माणसांना या कराराचा फार मोठा फटका बसला आणि त्यातले कित्येक जण पोटासाठी मुंबईला आले. याच व्यवहाराचा एक भाग चलनाचा होता. गोव्यासाठीची नाणी यापुढे इंग्रज सरकारच्या कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडायची, इंग्रजी रुपयाच्याच वजनाची, त्याच कसाची, आणि ती इंग्रजी मुलखातही कायदेशीर चलन म्हणून चालायची.

म्हणून आत्याचं नाणं तोळ्याला जुळतं. एका बाजूला पोर्तुगालचा राजा लुईस पहिला, लॅटिनमध्ये त्याचं नाव ‘लुदोविकुस’, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज ढाल, आणि हे सगळं पाडलेलं हुगळीच्या काठावर. तेव्हाच हिशेबही बदलला. दहा तांग्यांचा रुपिया आता सोळा तांग्यांचा झाला, कारण इंग्रजी रुपयाचे सोळा आणे होते. तांग्याचे रेइस साठच राहिले, म्हणजे रुपियाचे ६०० चे ९६० रेइस झाले. तांग्याचं नाव पोर्तुगीज राहिलं आणि त्याची किंमत बरोबर एक आणा. पाव तांग्याचं तांब्याचं नाणं म्हणजे आपला एक पैसा. बांद्याच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला इकडचे तिकडचे पैसे देता-घेता काही गणितच करावं लागू नये, अशी सोय होती ती.

चांदीत तेव्हा रुपिया, अर्धा, पाव आणि अष्टमांश अशी चार नाणी निघाली. वजनं सरळ निम्म्या-निम्म्याने उतरतात: ११.६६, ५.८३, २.९२, १.४६ ग्रॅम. रुपिये १८८१ आणि १८८२ असे दोन सालांचे मिळतात. संग्रह सुरू करणाऱ्याने इथूनच सुरू करावं असं मी सांगतो. ही नाणी यंत्रावर नीट पाडलेली आहेत, त्यामुळे खरं नाणं कसं दिसतं ते डोळ्याला कळायला सोपं जातं. अष्टमांश मात्र नखाएवढा असतो, सहज हरवतो, आणि चांगल्या अवस्थेतला शोधावा लागतो.

करार १८९२ मध्ये संपला. त्यानंतरचे रुपिये राजा कार्लोस पहिला याच्या मुखवट्याचे, १९०३ आणि १९०४ या सालांचे. वजन आणि कस तोच ठेवला, कारण शेजारचा मोठा बाजार अजूनही त्याच रुपयावर चालत होता. कार्लोसची १९०८ मध्ये लिस्बनमध्ये हत्या झाली, १९१० मध्ये राजेशाही गेली. पुढचा रुपिया १९१२ चा. त्यावर राजा नाही, प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली स्त्री आहे. १८८२, १९०४ आणि १९१२ चे तीन रुपिये शेजारी ठेवा. तीस वर्षांत देशाची व्यवस्था उलटीपालटी झाली, चेहरे बदलले, पण वजनकाट्यावर तिन्ही नाणी सारखीच. सरकार बदललं तरी बाजाराला ओळखीचंच नाणं लागत होतं.

मग काटा हलतो. १९३५ चा रुपिया १२ ग्रॅमचा आहे, कस अजून ०.९१७. पोर्तुगीजांनी तोळा सोडला आणि ग्रॅमचा पूर्ण आकडा घेतला. १९३६ चा अर्धा रुपिया ६ ग्रॅमचा, पण कस ०.८३५ वर उतरला. आणि १९४७ चा रुपिया १२ ग्रॅमचाच, पण त्यात चांदी फक्त निम्मी. ०.५००. हे अचानक झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई आली, इंग्रज सरकारने १९४० पासून स्वतःच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि पुढे १९४६-४७ मध्ये रुपया निकेलचाच केला. शेजारच्या रुपयाचा कस पडला, तसा गोव्याच्या रुपियाचाही पडला. १९५२ चा रुपिया तर तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचा आहे, त्यात चांदी नाहीच. हे नीट लक्षात ठेवा, कारण ‘पोर्तुगीज चांदीचा रुपया’ म्हणून १९५२ चं नाणं दाखवणारे भेटतात.

शेवटचा टप्पा चांदीचा नाही, पण एका ओळीत सांगतो, कारण नवखे लोक त्यात गोंधळतात. १९५८ मध्ये रुपिया बंद करून एस्कुदो आणला आणि दर ठरला एका रुपियाला सहा एस्कुदो. म्हणून तर तीन आणि सहा एस्कुदो अशी विचित्र आकड्यांची नाणी मिळतात: सहा म्हणजे जुना रुपया, तीन म्हणजे अर्धा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला.

काटा, पाणी आणि दोरा

आता प्रत्यक्ष पारख. यासाठी लागतं काय? दोन दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, आणि मिलिमीटर मोजणारी पट्टी किंवा कॅलिपर. भिंगाआधी काटा घ्या.

पहिलं वजन. १८८१ ते १९१२ च्या रुपियाचं वजन झिजून ११.४ किंवा त्याहून थोडं कमी झालं असेल तर ते समजण्यासारखं आहे. अक्षरं ठसठशीत, चेहऱ्यावर केस न् केस दिसतोय आणि वजन साडेदहा, असं असेल तर ते नाणं परत ठेवा. न झिजता वजन घटत नाही.

पण वजन जुळवून खोटं नाणं करता येतं. त्यासाठी पाण्याची परीक्षा आहे आणि ती मी प्रत्येक नाण्यावर करतो. काट्यावर पाण्याचा अर्धा भरलेला पेला ठेवायचा आणि काटा शून्यावर आणायचा. नाण्याला शिवणाचा बारीक दोरा गुंडाळून ते पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. हात स्थिर. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून घालवायचे. आता काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या रुपियाला तो १.१३ च्या जवळ येतो. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागा. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर ०.९१७ कसाची चांदी असण्याची शक्यता दाट आहे. जर्मन सिल्व्हर किंवा तांबे-निकेलचं असेल तर उत्तर पावणेनऊच्या आगेमागे येतं, पितळेचं असेल तर साडेआठच्या. १९४७ च्या अर्ध्या चांदीच्या रुपियाला ९.७ च्या जवळपास यायला हवं. झिजलेल्या नाण्यालाही ही परीक्षा लागू पडते, कारण वजन कमी झालं तरी भागाकार तोच राहतो. नाण्याला ओरखडा नाही, रसायन नाही. शेवटी मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही.

आवाजाची परीक्षा आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. ‘बंदा रुपया’ हा शब्द आपण आजही खऱ्या माणसासाठी वापरतो, आणि व्यवहार चोख असला की ‘नाणं खणखणीत आहे’ म्हणतो. खरी चांदी लांबवर, बारीक घुमत राहते. ओतीव नाणं बद्द वाजतं. पण नाणं फरशीवर आपटून बघू नका, कडेला खोक पडते. बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच टिचकी मारा. मात्र ज्याला कडी जोडली होती, किंवा आत चीर आहे, ते खरं असूनही बद्द वाजू शकतं.

मग भिंग. पर्यटकांसाठी विकली जाणारी खोटी नाणी बहुधा साच्यात ओतलेली असतात. त्यांच्या सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावलेल्या असतात, आणि नाण्याच्या काठावर दोन अर्धी जोडल्याची रेघ सापडते. दाबाने पाडलेल्या नाण्यात अक्षर सपाटीतून सरळ भिंतीसारखं उठतं. एकदा खरं नाणं दहा मिनिटं निवांत बघितलंत की हा फरक कुणी सांगावा लागत नाही. काठावरच्या खाचाही तपासा. काही नाण्यांचा काठ जुन्या काळीच कानसून त्यातली चांदी काढलेली असते, तिथे खाचा अर्धवट दिसतात.

कडी, चिंच आणि किंमत

आपल्या भागातल्या चांदीच्या नाण्यांत एक गोष्ट फार आढळते, ती म्हणजे कडी. बायका गळ्यात नाण्यांच्या माळा घालत. पुढे कुणीतरी कडी काढतं, डाग देऊन ती जागा घासून सपाट करतं आणि नाणं अखंड म्हणून विकतं. मीही असं एक नाणं घेतलं होतं, १९०४ चा रुपिया, एका विक्रेत्याकडून. घरी येऊन उन्हात तिरपं धरलं तेव्हा राजाच्या डोक्यावरच्या काठावर खाचा एवढ्याशा जागेत बुजलेल्या दिसल्या आणि तिथली चांदी बाकीच्यापेक्षा पांढरी. भोक पाडून नंतर बुजवलेलं असेल तर त्या जागी अक्षराचा वळसा बिघडतो. तेव्हापासून नाणं घेताना मी पहिल्यांदा काठाकडे बघतो, घड्याळातल्या बाराच्या जागी आणि सहाच्या जागी. अशा नाण्याला कमी किंमत द्यावी, पण ते टाकाऊ मात्र नाही. कुणीतरी ते अंगावर मिरवलंय, हा त्याच्या आयुष्याचाच भाग आहे. फक्त विकणाऱ्याने ते सांगायला हवं.

दुसरं नुकसान आपणच करतो. नाणं काळं पडलं की चिंच, लिंबू, राख, नाहीतर टूथपेस्ट. हवेतल्या गंधकाने चांदीवर काळसर, कधी निळी-जांभळी झाक येते. ती मळ नाही, ती चांदीच्या पृष्ठभागाचीच झालेली एक पातळ साय आहे. घासली की तिच्याबरोबर चांदीचा थर जातो आणि त्यावर हजारो बारीक ओरखडे उमटतात. नाणं भांड्यासारखं चकचकीत होतं आणि त्याची संग्राहकाच्या दृष्टीने किंमत तिथेच पडते, कारण मूळ पृष्ठभाग परत आणता येत नाही. कळकळीने सांगतो: घरातली जुनी नाणी दिवाळीच्या साफसफाईत घासू नका. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवायची असतील तर तशीच ठेवा, आणि पंचामृत-कुंकू लागू देऊ नका. कुंकवाचा डाग चांदीवर वर्षानुवर्षं राहतो. धूळ असेल तर साधं पाणी आणि मऊ कापड पुरे.

कोकण-गोव्याची दमट हवा हा वेगळा शत्रू. नाणी मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवू नका. त्या प्लास्टिकमधून काही वर्षांनी हिरवट चिकट द्रव सुटतो आणि नाण्याला खातो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागदही नको. आम्लविरहित कागदाची पाकिटं किंवा नाण्यासाठीच्या कडक प्लास्टिकच्या डब्या घ्याव्यात, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून पावसाळ्याच्या आधी ती बदलावी. नाणं नेहमी काठाने धरायचं.

किंमत कशी ठरते? तळाची किंमत चांदीची: १८८१ ते १९१२ च्या रुपियात १०.७ ग्रॅम, १९३५ च्या रुपियात ११ ग्रॅम, १९४७ च्या रुपियात फक्त ६ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा. त्यावरची सगळी किंमत अवस्थेची आणि दुर्मीळपणाची. एकाच सालाचं एकाच प्रकारचं कोरं नाणं आणि गुळगुळीत नाणं यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून दहा झिजलेली घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत दोन चांगली घ्या. आणि घाईने घेऊ नका. ‘आजच घ्या, उद्या मिळणार नाही’ असं ज्या नाण्याबद्दल सांगितलं जातं, ते यंत्रावर लाखोंनी पाडलेलं असतं आणि उद्याही मिळतं.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण परदेशातली आपली बरीच माणसं सुट्टीत येऊन घरची नाणी घेऊन जाऊ पाहतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे आणि तो खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १८८१ पासून १९१२ पर्यंतचे सगळे रुपिये त्यात आले. १९३५ चा रुपिया २०३५ मध्ये येईल. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा दुकानदाराकडून परवान्याबद्दल विचारून पक्की पावती घ्यायला संकोच करू नका. आणि शेतात, पडक्या घराच्या पायात नाण्यांचा हंडा सापडला तर तो निखात निधी ठरतो. १८७८ च्या कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती न देता नाणी वाटून घेतली की गुन्हा तर होतोच, शिवाय ती कुठे, कशासोबत पुरलेली होती ही माहिती कायमची जाते.

घेण्याआधी बघण्याची सवय लावा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. त्र्यंबकला जाणारे हजारो लोक त्याच्या दारावरून जातात. अर्धा दिवस काढून आत जा. भारतातल्या नाण्यांचा सगळा प्रवास एका ठिकाणी बघितल्यावर गोव्याचा रुपिया त्यात कुठे बसतो ते डोळ्यांनी दिसतं.

आणि प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. साल, वजन, पाण्यातला आकडा, कुणाकडून आलं, कधी आलं. नाण्यावरचं साल कुणालाही वाचता येतं. ते कुठल्या घरातून आलं हे मात्र नाण्यावर लिहिलेलं नसतं, आणि ते सांगणारी माणसं आपल्यानंतर नसतात.

आत्याच्या रुपियाची कडी काढून देऊ का, असं एका सोनाराने मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. तो आता कागदी पाकिटात आहे, कडीसकट, आणि पाकिटावर लिहिलंय: १८८१. कलकत्ता. कडीसह वजन १२.०३. आत्याकडून, तिला तिच्या सासूकडून. सात नाण्यांच्या माळेतलं, बाकीची सहा १९७२ च्या दुष्काळात मोडली.